नखरेल पिल्लू: दाण्यांची पिशवी की कच्च्या मांसाचं पाकीट?

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत आणि खाडीपलीकडे वाशी, नेरुळ, खारघरला कुत्र्याच्या पिल्लाच्या खाण्याचे दोन पर्याय सहज मिळतात. एक, पेट शॉपमध्ये रचून ठेवलेल्या कोरड्या दाण्यांच्या पिशव्या. दुसरा, थर्माकोलच्या खोक्यातून घरपोच येणारी फ्रोझन कच्च्या मांसाची पाकिटं, म्हणजे रॉ फीडिंग. पिल्लू दाणे हुंगून पाठ फिरवायला लागलं की बरीच घरं चार दिवसांत पहिल्यावरून दुसऱ्यावर जातात. आमचं मत आधीच सांगतो. वाढीचं वय संपेपर्यंत, म्हणजे लहान जातींना साधारण १० महिने आणि लॅब्राडॉरसारख्या मोठ्या जातींना १५ महिने होईपर्यंत, सीलबंद पिशवीतलं चांगलं पपी फूडच द्यावं. कच्चं मांस कुत्र्याला आवडतं यात वादच नाही. पण ते बरोबर देणं अवघड आहे, आणि या वयात झालेली चूक थेट हाडांत उतरते.

आधी दुकानाचं बघू. पेडिग्री आणि ड्रूल्स कोपऱ्यावरच्या किराणा-मेडिकलमध्येही मिळतात. रॉयल कॅनिन किंवा फार्मिना हवं असेल तर पेट शॉप गाठावं लागतं. काहीही घ्या, पण सुटं घेऊ नका. मोठं पोतं फोडून पारदर्शक पिशवीत किलो-अर्धा किलो बांधून देतात, त्यावर ना बॅच नंबर असतो ना तारीख. दाण्यावर बाहेरून चरबीचा पातळ थर दिलेला असतो आणि वास-चव बरीचशी त्या थरातच असते. पोतं उघडल्यापासून त्या चरबीला हवा लागते, उन्हाळ्यात ती लवकर खवट होते, पावसाळ्यात वर बुरशीची भीती. चार दाणे तळहातावर चोळून हुंगून बघा. जुन्या शेंगदाणा तेलाचा, उघड्या राहिलेल्या फरसाणाचा वास येत असेल तर ते खाणं गेलेलं आहे. आपल्याला तो वास पुसटसा येतो, पिल्लाला ताटलीपाशी येण्याआधीच कळतो. अशा पिल्लाला नखरेल म्हणणं अन्यायच आहे.

पहिली पिशवी लहान घ्यावी, किलो-दीड किलोची. उघडल्यावर चार ते सहा आठवड्यांत संपेल एवढीच. दाणे डब्यात ओतू नका, पिशवीच तोंड घट्ट बंद करून डब्यात ठेवा. ओतलेल्या दाण्यांची चरबी डब्याच्या तळाला चिकटून राहते, आणि त्यावर नवी पिशवी रिकामी केली की जुन्या खवटपणाचा वास नव्या मालाला लागतो. पिशवी बदलताना डबा साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा. फ्रिजमध्ये दाणे ठेवू नयेत, आत-बाहेर करताना त्यांना ओल सुटते.

लेबलवर दोन गोष्टी शोधा. 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' आणि त्याच्या जवळच 'ग्रोथ' किंवा 'ऑल लाइफ स्टेजेस'. नुसतं 'अ‍ॅडल्ट' असेल तर ते पिल्लाचं नव्हे. मोठ्या जातीच्या पिल्लासाठी मोठ्या आकाराच्या कुत्र्यांच्या वाढीला चालेल असा स्पष्ट उल्लेख हवा, कारण त्यात कॅल्शियमची वरची मर्यादा पाळलेली असते. रॉयल कॅनिनने पिशव्याच आकारानुसार वेगळ्या केल्या आहेत: मोठेपणी १० किलोंपर्यंत जाणाऱ्यांना मिनी, ११ ते २५ किलोंना मीडियम, २६ ते ४४ किलोंना मॅक्सी. इथे दाण्याचा आकारही वेगवेगळा आहे, आणि शिट्झू किंवा पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातीच्या पिल्लासाठी तो फार महत्त्वाचा ठरतो. दाणा तोंडात मावत नसेल तर पिल्लू तो उचलतं, जिभेने फिरवतं आणि पायपुसण्यावर नेऊन टाकतं. घरच्यांना वाटतं आवडलं नाही.

पिशवीच्या मागचा तक्ता वाचताना सर्रास एक चूक होते. पिल्लांच्या तक्त्यात वजनाचा रकाना बहुधा मोठेपणी होणाऱ्या वजनाचा असतो, आजच्या वजनाचा नव्हे. शिवाय दिलेले ग्रॅम दिवसभराचे असतात, एका वेळचे नाहीत. हे उलटंसुलटं झालं की पिल्लाला दुप्पट-तिप्पट खाणं जातं, शी पातळ होते, भूक मरते, आणि 'याला ड्राय फूड सोसत नाही' असा निष्कर्ष निघतो. ताळा करायला एक हिशेब आहे. दोन महिन्यांचं, ५ किलोंचं लॅब्राडॉरचं पिल्लू घ्या. वजनाचा ०.७५ घात गुणिले ७० म्हणजे २३४ कॅलरी, ही नुसत्या विश्रांतीची गरज. चार महिन्यांपर्यंत त्याच्या तिप्पट धरायची, म्हणजे सुमारे ७०० कॅलरी. दाण्यांत १०० ग्रॅमला ३७० कॅलरी असतील तर दिवसाला १९० ग्रॅम, चार वेळांत विभागून प्रत्येक वेळी ४५ ते ५० ग्रॅम. चार महिन्यांनंतर तिपटीऐवजी दुप्पट. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा. घराघरांतल्या वाट्यांत दुपटीचा फरक असतो, वाटीने मोजलेलं खाणं मोजलेलं नसतं.

आता दाणे खायला लावायची पद्धत.

५० ग्रॅम दाण्यांत ५० मिलिलिटर कोमट पाणी घाला. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकल्यावर सुखद उबदार लागेल इतकंच, उकळतं नको. उकळत्या पाण्याने बाहेरचा थर खळीसारखा चिकट होतो, आतला गाभा कोरडाच राहतो, आणि उष्णतेला नाजूक असलेली जीवनसत्त्वं कमी होतात. झाकण ठेवून दहा-बारा मिनिटं थांबा. मग एक दाणा अंगठा आणि तर्जनीत दाबा: कडा दबायला हवी, मधोमध बारीकसा कण लागायला हवा. पूर्ण लगदा झाला तर तो टाळूला चिकटतो आणि काही पिल्लं तेवढ्यासाठी तोंड फिरवतात. झाकण उघडताना येणारा उबदार वास हाच या पद्धतीतला खरा मसाला आहे, म्हणून ताटली तेव्हाच समोर ठेवा, निवल्यावर नको. पंधरा मिनिटांनी काहीही न बोलता उचला. भिजवलेलं उरलं तर टाकून द्या. आपल्या हवेत ते तासाभरात आंबायच्या वाटेला लागतं.

एवढ्यावर खाल्लं नाही तर वरून चव द्या, पण मोजून. दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे वरच्या पिल्लाला ७० कॅलरी, साधारण ४० ग्रॅम उकडलेलं बिनहाडाचं चिकन. ते तुकडे करून वर ठेवलं की पिल्लू तुकडे वेचतं आणि दाणे सोडतं. मिक्सरमधून बारीक करून, त्याच पाण्यात कालवून प्रत्येक दाण्याला चोळा. मीठ, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, त्यामुळे आपल्या रश्श्यातलं पाणी किंवा सूप क्यूब चालत नाहीत. चौथ्या दिवसापासून चिकन रोज थोडं कमी करत आठ-दहा दिवसांत बंद करा, आणि मग दर तीन दिवसांनी पाणी कमी करत जा.

ही पद्धत फसते ती बहुतेक एकाच कारणाने. पिल्लाने सकाळी खाल्लं नाही, आजीचा जीव राहिला नाही, दहा वाजता दोन बिस्किटं, दुपारी दूध-पोळी, संध्याकाळी पुन्हा बिस्किटं. एका ग्लुकोज बिस्किटात २० ते २५ कॅलरी असतात. ३ किलोंच्या पिल्लाची दिवसाची गरज ४८० कॅलरी, म्हणजे सहा बिस्किटांत पाव पोट भरलं. त्यातून ते एक गोष्ट पक्की शिकतं: ताटली सोडली की गोड मिळतं. घरातल्या सगळ्यांनी मिळून दहा दिवस पाळलं तरच हे मोडतं, आणि त्यात कामाला येणाऱ्या मावशी व शेजारचं बाळही धरा. दुधाने अनेक पिल्लांना जुलाब होतात ते वेगळंच.

पण हट्टाने उपाशी ठेवण्याचा प्रयोग पिल्लावर कधीही करू नका. लहान जातीच्या दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाची साखर काही तासांच्या उपासानेही उतरू शकते. ते झोकांड्या खातं, थरथरतं, गार पडतं. हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळून तसंच व्हेटकडे निघायचं. लसीकरण पुरं न झालेल्या पिल्लाने खाणं सोडलं आणि सोबत उलटी, जुलाब किंवा सुस्ती असेल तर पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची, शंका आधी, नखऱ्यांची नंतर. जंतांचं औषधही वेळेवर झालंय ना ते तपासा. खेळतंय, उड्या मारतंय, वजन वाढतंय आणि फक्त ताटलीपाशी तोंड वाकडं करतंय, त्यालाच नखरेल म्हणायचं.

रॉ पाकिटांकडे वळू. बहुतेकांत हाडासकट दळलेलं चिकन, कलेजी-पेटा आणि कधी भोपळा-गाजर असतं. दर्जाची पहिली परीक्षा दारातच होते. पाकीट दगडासारखं कडक हवं. कोपरे मऊ असतील किंवा तळाशी गुलाबी बर्फाची वेगळी चकती दिसत असेल तर ते वाटेत वितळून पुन्हा गोठलेलं आहे, परत करा. घोडबंदरच्या कोंडीत दुपारी अडकलेल्या दुचाकीवरच्या खोक्यात हे होणं अगदी शक्य आहे, म्हणून सकाळची पहिली डिलिव्हरी मागावी. लेबलवरच्या प्रोटीनच्या आकड्याने फसू नका, कुठल्याच बाजूने. पाकिटावर १५ टक्के आणि दाण्यांवर २८ टक्के दिसतं, पण पाकिटात ७० टक्के पाणी आहे. पाणी वजा केलं तर पाकिटात ५० टक्के, दाण्यांत ३१. प्रोटीनमध्ये रॉ कमी पडत नाही.

कमी पडतं ते कॅल्शियम, विशेषतः चिकनवाल्याकडून खिमा आणून घरीच रॉ सुरू केलं तर. ७०० कॅलरी खाणाऱ्या पिल्लाला दिवसाला निदान २ ग्रॅम कॅल्शियम लागतं. तेवढ्या कॅलरींच्या बिनहाडाच्या चिकनमध्ये ते जेमतेम ५०-६० मिलिग्रॅम असतं, आणि फॉस्फरस त्याच्या पंधरा-वीस पट. शरीर मग कॅल्शियम हाडांतून ओढतं. पाय वाकतात, पिल्लू उडी मारताना किंचाळतं, हाड साध्या धक्क्याने मोडतं. बाहेरून मात्र ते गुटगुटीत आणि चकचकीत दिसत असतं, म्हणून उशिरा लक्षात येतं. उलट चूकही तितकीच वाईट: पूर्ण पपी फूड खाणाऱ्या मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियमचं सिरप. लहान वयात आतडं जास्तीचं कॅल्शियम अडवू शकत नाही आणि सांधे-हाडांची वाढ बिघडते. व्हेटने लिहून दिलं नसेल तर ती बाटली दुकानातच राहू द्या. कलेजीही जेवणाच्या पाच टक्क्यांच्या वर नको. आवडते म्हणून रोज दिली तर 'अ' जीवनसत्त्व साचत जातं.

आणि जंतू. फ्रीझरने साल्मोनेला किंवा लिस्टेरिया मरत नाहीत, फक्त थांबतात. मोठा कुत्रा शी खाली रस्त्यावर करतो. पिल्लू हॉलमधल्या वर्तमानपत्रावर करतं, त्यात पाय भरवतं आणि त्याच फरशीवर घरातलं मूल रांगतं. कच्चं खाणाऱ्या कुत्र्याच्या शीतून साल्मोनेला बाहेर पडू शकतो, कुत्रा स्वतः धडधाकट दिसत असला तरी. वन बीएचकेमध्ये हा धोका टाळायला जागाच नाही. डब्ल्यूएसएव्हीए ही पशुवैद्यकांची जागतिक संघटना कच्चं मांस देऊ नये असाच सल्ला देते. कोंबडीच्या कच्च्या मानांबद्दल आणखी एक: मेलबर्न विद्यापीठाच्या २०१८च्या अभ्यासात कच्चं चिकन खाणं आणि पाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा एक आजार यांचा संबंध आढळला, संशय कॅम्पिलोबॅक्टर जंतूवर होता. घाईघाईत गिळणाऱ्या पिल्लाच्या घशात मान अडकते हा धोका तर कुणालाही दिसेल असा.

तरीही कुत्रा मोठा झाल्यावर रॉ करायचंच असेल तर पाकीट आदल्या रात्री बंद डब्यात, फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात वितळवा, ओट्यावर नाही. स्टीलची ताटली, वीस मिनिटांत उचलून गरम पाणी-साबणाने धुवायची, वेगळ्या घासणीने. शी पांढरी, खडूसारखी आणि जोर लावून होत असेल तर हाड जास्त झालंय. फ्रीझरची जागाही मोजा: १०० ग्रॅमला १६० कॅलरी धरल्या तर ७०० कॅलरींना रोज सुमारे ४४० ग्रॅम, पंधरा दिवसांचे साडेसहा किलो. श्रावणात घरात मांस येत नसेल तर तो महिना काय करायचं हे सुरू करण्याआधीच घरच्यांशी बोलून ठेवा, कारण मधेच एकदम बदललेलं खाणं पोट बिघडवतं. कुठलाही बदल सात ते दहा दिवसांचा हवा: आधी चतुर्थांश नवं, मग अर्धं, मग पाऊण.

दाण्यांवर नीट बसलेलं पिल्लू चार ते सहा महिन्यांत पुन्हा एकदा ताटली सोडतं. तेव्हा ओठ उचलून हिरड्या बघा. लाल, सुजलेल्या असतील किंवा ताटलीत तांदळाएवढा दुधाचा दात सापडला तर दात बदलताहेत. ब्रँड बदलू नका, चिकन वाढवू नका. दोन आठवडे तेच दाणे पुन्हा कोमट पाण्यात भिजवून द्या.