छोट्या मोबाईलवर मराठी पुस्तक: ईपब घ्यावं की पीडीएफ?

हातात पाच इंची जुना मोबाईल आहे, निपाणी-बेळगाव बसचा रोजचा प्रवास आहे आणि वाचायला मराठी कादंबरी हवी आहे. ती पीडीएफमध्ये मिळते, ईपबमध्येही मिळते (ईपब म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळी मांडून घेणारी ई-पुस्तकाची फाईल). कोणती उतरवून घ्यायची? कादंबरी, आत्मचरित्र, लेखसंग्रह अशा सलग मजकुराच्या पुस्तकाला ईपबच घ्या. पीडीएफ कुठे चालते तेही पुढे येईलच, पण आधी पट्टी घेऊन पडदा मोजू.

पाच इंची मोबाईलचा पडदा उभा धरला तर साधारण ६२ मिलिमीटर रुंद असतो. मराठी कादंबऱ्या बहुतेक डेमी आकारात छापतात, म्हणजे पान सुमारे १४० मिलिमीटर रुंद. पीडीएफ हे पानाचं जसंच्या तसं चित्र असल्यामुळे ते अख्खं पान ६२ मिलिमीटरमध्ये बसवावं लागतं. छापील १२ पॉइंटचं अक्षर त्यात जेमतेम ५ पॉइंटचं होतं. पान ए-फोर असेल तर साडेतीन. इतक्या बारीक अक्षरात रोमन लिपी कशीबशी वाचता येते, देवनागरीत मात्र अनुस्वार, रफार आणि उकार दिसेनासे होतात. मग दोन बोटांनी मोठं करायचं, ओळ संपेपर्यंत उजवीकडे सरकवायचं, पुन्हा डावीकडे यायचं. दहा पानांत माणूस कंटाळतो आणि दोष पुस्तकाला देतो.

यावर मोठा मोबाईल घेऊ म्हणाल, तर दुकानात जाताना पट्टी बरोबर न्या. आजचे साडेसहा इंची मोबाईल लांबीला वाढलेत, रुंदीला नाही. त्यांचा पडदा साधारण ६८ मिलिमीटर रुंद असतो. हजारो रुपये घालून ओळीला सहा मिलिमीटर मिळतात. केवळ वाचनासाठी मोबाईल बदलू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आठ इंची टॅबलेटची गोष्ट वेगळी. तो शंभर मिलिमीटरच्या पुढे जातो आणि त्यावर डेमी पान बऱ्यापैकी वाचता येतं.

ईपबमध्ये पान ठरलेलं नसतं. अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने मांडल्या जातात, आडवं सरकवणं संपतं. मात्र अ‍ॅपमधली मांडणी इंग्रजीच्या हिशेबाने आलेली असते, ती आधी बदलून घ्या. रीडएरा किंवा मून प्लस रीडर असं वाचायचं अ‍ॅप उघडून ओळींमधलं अंतर १.४ ते १.५ करा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. दोन्ही कडा सरळ करणारी मांडणी बंद करून डावीकडून सरळ ठेवा. मराठीत प्रत्यय लागून शब्द लांबतात. ‘वाचनालयांमधल्यासुद्धा’ असा एक शब्द आला की अरुंद ओळीत त्याच्यासोबत एखादाच शब्द मावतो, आणि मधे बोटभर पोकळी पडते. शब्द तोडण्याची सोयही बंद ठेवा, ती जोडाक्षराशी भलत्या जागी तोडू शकते. अक्षर इतपत ठेवा की ओळीत चार-पाच शब्द बसतील. बाहेरचा फॉन्ट घालायची सोय असेल तर ‘मुक्त’ किंवा ‘नोटो’ नावाचा फॉन्ट घ्या. दोन्ही फुकट आहेत आणि जोडाक्षरं नीट जुळवतात.

आपल्या बेळगाव-निपाणी सीमाभागातल्या पुस्तकात मधेच कन्नड लिपीतली ओळ येऊ शकते, एखादं वचन किंवा पाटीवरचा मजकूर. पुस्तकातल्या फॉन्टमध्ये कन्नड नसेल आणि मोबाईलही जुना असेल, तर तिथे नुसत्या चौकटी दिसतात. पुस्तकाचा स्वतःचा फॉन्ट बंद करून मोबाईलचा लावा, बहुतेक वेळा ओळ दिसू लागते. पीडीएफमध्ये ही अडचण सहसा येत नाही.

पीडीएफ घ्यावीच लागते ती जुन्या पुस्तकांसाठी. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफमध्येच आहेत, ई-साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकंही बहुतेक पीडीएफमध्ये. तक्ते, नकाशे, पाककृतींची मोजमापं, ठरावीक मांडणीच्या कविता यांनाही पीडीएफ बरी. ती वाचायची रीत अशी: मोबाईल आडवा धरा, अ‍ॅपमधून समास कापा, पानं एकाखाली एक सरकतील अशी ठेवा. आडवा पडदा १११ मिलिमीटर. डेमी पानाचे दोन्हीकडचे पंधरा-पंधरा मिलिमीटर समास कापले की मजकूर उरतो ११० मिलिमीटर, म्हणजे अक्षर जवळजवळ छापील आकाराचं दिसतं. एका पानाला तीनदा वर सरकवावं लागतं एवढंच. ए-फोरला मात्र समास कापूनही अक्षर ८ पॉइंटच्या आसपासच राहतं. स्कॅन केलेली पानं कोरीडर हे अ‍ॅप शब्दाशब्दाने कापून नव्या ओळींत मांडतं, ते एकदा करून बघा.

स्कॅन पीडीएफ जड असते. फाईल लहान दिसली तरी तीनशे डीपीआयचं (इंचाला तीनशे ठिपके) एक डेमी पान उलगडताना सोळा-सतरा एमबी मेमरी खातं. दोन जीबी रॅमचा मोबाईल अडकतो तो इथे. आधी बाकीची अ‍ॅप बंद करा.

पीडीएफचं ईपब करून घ्यावं का? आधी ही परीक्षा करा. एका शब्दावर बोट दाबून धरा, कॉपी करा आणि स्वतःलाच पाठवा. शब्द निवडलाच जात नसेल तर ते स्कॅन आहे. रोमन अक्षरांची खिचडी आली तर मजकूर श्रीलिपी, कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये आहे. मराठी आली पण पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर गेली, तर तो पीडीएफचा नेहमीचा दोष. तिन्ही बाबतींत कॅलिबर या फाईलचा प्रकार बदलणाऱ्या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये घालून ईपब केलं तर हाती वाचण्याजोगं काही येत नाही. चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून घ्यायचा असेल तर संगणकावर गुगल ड्राइव्हमधून फाईल डॉक्समध्ये उघडा, पण दोन एमबीच्या आतले तुकडे करून. मग ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ झालेला शोधत बसावं लागतं. अडीचशे पानांच्या कादंबरीसाठी हा खटाटोप करू नये. आधी मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात बघा. तिथली पुस्तकं ईपबमध्ये सरळ उतरवता येतात. विकत घ्यायचं असेल तर किंडलवर २०१६ पासून मराठी पुस्तकं आहेत. बहुतेकांत अक्षर लहान-मोठं होतं, तरी नमुना उतरवून अक्षर वाढतंय ना ते बघा आणि मगच पैसे भरा.

खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नसतो, म्हणून पुस्तक घरीच पूर्ण उतरवून ठेवा. साध्या मजकुराचं ईपब एक-दोन एमबीत येतं, स्कॅन पन्नासच्या पुढेही जातं. ओल्या बोटांनी पडदा नीट चालत नाही. आवाजाच्या बटणाने पान उलटायची सोय सुरू करा. काळ्या पार्श्वभूमीने बॅटरी वाचते ती अमोलेड पडद्यावर, साध्या एलसीडीवर फरक पडत नाही.

घरात कन्नड माध्यमात शिकणारी मुलं असतील तर ईपबचं पारडं आणखी जड होतं. ती मराठी घरात बोलतात, देवनागरी वाचताना मात्र अडखळतात. मोबाईलच्या सेटिंग्जमध्ये ‘टेक्स्ट टू स्पीच’ (मजकूर वाचून दाखवायची सोय) शोधा, गुगलचं इंजिन निवडा, मराठी आवाज उतरवा, मग रीडएरामध्ये मोठ्याने वाचायची सोय लावा. वेग थोडा कमी ठेवा आणि अक्षर इतकं मोठं करा की पडद्यावर सहा-सात ओळीच राहतील. आवाज यंत्राचा आहे, कवितेला तो मुळीच चालत नाही, पण गोष्टीच्या पुस्तकात मूल कानाने ऐकत डोळ्यांनी ओळ धरतं. स्कॅन पीडीएफपुढे हेच इंजिन मुकं बसतं.