अर्ज टाकायचा की सोमवारी फाइल बघायला जायचं?

गल्लीतल्या रस्त्यावर किती खर्च झाला हे महापालिकेकडून काढायचंय तर दोन वाटा आहेत, आणि लोक सरळ आरटीआय म्हणजे माहिती अधिकाराचा अर्जच टाकतात. चूक नाहीये. 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर अपील, आणि माहिती आयोगाने ठरवलं तर अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25 हजार दंड. म्हणजे कायद्याचा दंडुका आहे हातात. पण अर्ज नेमका लिहावा लागतो, महाराष्ट्रात 150 शब्दांत आणि एकाच विषयावर, आणि कुठला कागद मागायचा हेच माहीत नसेल तर महिन्याने "माहितीचा बोध होत नाही" असं पत्र हातात येतं. माझं असंच झालंय, खूप चीड आली होती.

दुसरी वाट म्हणजे सोमवारी दुपारी 3 ते 5 जाऊन फाइल बघणं. पुणे महापालिकेत हे आधीपासून होतं, 2018 मध्ये राज्य सरकारने जिल्हा पातळीवरच्या ऑफिसांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना तसं सांगितलं. समोर फाइल आली की टेंडर, मोजमाप पुस्तक (किती काम झालं याची नोंदवही), बिल सगळं एकाखाली एक दिसतं, ज्याचं नावही आपल्याला माहीत नसतं तो कागदसुद्धा सापडतो! फक्त नोकरदार माणसाला सुट्टी टाकावी लागते, आणि "आज साहेब नाहीत" म्हणाले तर हातात पुरावा काहीच नाही.

मी तरी आधी सोमवारी जाईन, फाइल नंबर आणि पान नंबर लिहून घेईन आणि मग तेवढ्याच पानांसाठी अर्ज टाकेन.