न्यू जर्सीतील प्रवाळांचे दुकान: पारख उत्तम, सल्ला थोडा तोकडा

टॉर्च, हॅमर आणि फ्रॉगस्पॉन ही मत्स्यालयात ठेवायची जिवंत प्रवाळे मिटलेली असताना सारखीच दिसतात, म्हणून या दुकानात ती पूर्ण फुलल्याशिवाय विकत नाहीत, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. टॉर्चच्या शुंडकाला (सोंडेसारख्या मऊ अवयवाला) एकच गोल टोक असते, हॅमरचे टोक नांगरासारखे पसरते, तर फ्रॉगस्पॉनच्या शुंडकाला फाटे फुटून अनेक टोके येतात. २०१७ मध्ये हॅमर व फ्रॉगस्पॉन यांना युफिलिया या प्रजातीतून (जीनस) फिंब्रियाफिलिया या प्रजातीत हलवले गेले आणि टॉर्च युफिलियातच राहिले, हेही पाटीवर नोंदवलेले आहे. हॅमर व फ्रॉगस्पॉन शेजारी सहसा गुण्यागोविंदाने नांदतात. टॉर्च मात्र दोघांनाही डंख करते, त्यामुळे ते वीतभर लांब ठेवावे, असे विक्रेते आवर्जून बजावतात. पाण्याच्या प्रवाहाबद्दल मात्र ते केवळ ‘मध्यम’ म्हणतात, तेवढ्याने भागत नाही. शुंडके संथ डोलावीत, एका अंगाला चेपली जाऊ नयेत, हे नवख्या ग्राहकाला सांगायलाच हवे.