डिझेल इंजिनाच्या फ्युएल पंपाचं काम लष्करात करायचं, तर वर्दीत की वर्दीशिवाय?

आयटीआयमधून मेकॅनिक डिझेल किंवा मोटर मेकॅनिक होऊन बाहेर पडलेली खडकी, देहूरोड, अहिल्यानगरकडची मुलं हा प्रश्न नेहमी विचारतात. लष्करातच काम करायचं हे मनाशी पक्कं असतं. अडतं ते अग्निवीर म्हणून भरती व्हावं की बेस वर्कशॉपात, म्हणजे लष्कराच्या गाड्यांच्या मोठ्या दुरुस्तीच्या कारखान्यात, सिव्हिलियन कारागीर म्हणून लागावं, यावर. घरची मंडळी आधी पगार आणि पेन्शन विचारतात, आणि ते विचारायलाच हवं. पण मी म्हणेन, त्याच्याही आधी एक पाहा: रोज सकाळी तुमच्या हातात काय येणार? फ्युएल सिस्टिमचं काम दोन्हीकडे आहे, पण ते एकसारखं मुळीच नाही.

बेस वर्कशॉपातलं काम

पुण्यात खडकीला ५१२ आर्मी बेस वर्कशॉप आहे, दिल्लीला ५०५. अशा ठिकाणी गाडी पूर्ण उघडली जाते. इंजिन खाली उतरतं, त्याचा पंप वेगळ्या सेक्शनला जातो आणि तुम्ही त्या पंपापाशी बसता.

टी-७२ रणगाड्याचं उदाहरण घ्या. त्याचं इंजिन व्ही-१२, ७८० अश्वशक्तीचं, म्हणजे पंपात डिझेल ढकलणारे दट्टे, प्लंजर, तेही बारा. बाराही लाइनींनी सारखंच डिझेल द्यायला हवं. पंप टेस्ट बेंचवर चढवतात, ठरलेल्या फेऱ्यांवर फिरवतात आणि ठरावीक स्ट्रोकमध्ये प्रत्येक लाइनमधून काचेच्या नळीत किती तेल पडलं ते वाचतात. एखादी नळी कमी भरली तर त्या लाइनच्या प्लंजरचं सेटिंग किंचित हलवायचं, नळ्या रिकाम्या करायच्या, पुन्हा फिरवायचं. प्लंजर आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल यांच्यातली फट अवघ्या काही मायक्रॉनची. ही जोडी एकमेकांसाठीच घासून बनवलेली असते, एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलला चालत नाही. म्हणून धुताना जोड्या मिसळू द्यायच्या नाहीत आणि पुसायला धागे सुटणारं कापड घ्यायचं नाही. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलचा टेस्टरवर फवारा बघताना हात त्याच्या समोर कधीही आणायचा नाही. त्या दाबाने डिझेल कातडीत शिरतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि आतलं मांस खराब होतं. असं झालं तर दुखत नसलं तरी थेट हॉस्पिटल गाठायचं.

हे काम शांत डोक्याच्या माणसाचं आहे. तेच बेंच, तोच पंप, वर्षानुवर्षं. ज्याला यात गोडी आहे त्याच्या हाताला असा गुण येतो की नुसत्या आवाजावरून तो बिघाड सांगतो. ज्याला नाही, त्याला दोन वर्षांत कंटाळा येतो.

वर्दीतलं काम

ईएमई म्हणजे लष्कराची गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी शाखा. तिचा जवान गाडीच्या मागे जातो. पोस्टिंग वाळवंटात, लडाखमध्ये किंवा पूर्वेकडच्या डोंगरात. तिथे पंप सहसा उघडत नाहीत. सबंध पंप बदलतात आणि बिघडलेला मागच्या वर्कशॉपकडे पाठवतात. तुमच्याकडे येतं ते बिघाड शोधणं: फिल्टर चोंदला, टाकीत पाणी आलं, सिस्टिमने एअर घेतली. यातली एअर फार छळते. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या टाकीकडच्या लाइनला बारीक चीर असेल तर डिझेल बाहेर गळतच नाही, उलट हवा आत ओढली जाते. जोड कोरडा दिसतो, गाडी मात्र चालता चालता बंद पडते. अंधारात, थंडीत, कुणीतरी घाई करत असताना एकेक जोड तपासत तो सापडवणं हे खरं कसब. लडाखात तर डिझेलच गोठायला लागतं. २०१९मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल त्या भागासाठी आणलं, ते याच कारणाने.

ज्याला फिरायचं आहे, अंगात रग आहे, त्याने हे जरूर करावं. फक्त एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी ठासून सांगतो: अग्निवीर टेक्निकलमध्ये ट्रेड लष्कर ठरवतं. पंपाचं काम शिकायला म्हणून गेलात आणि हाती भलतंच आलं, तर तक्रारीला जागा नसते.

पैसा

अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले ३० टक्के सेवा निधीत, म्हणजे शेवटी एकरकमी मिळणाऱ्या ठेवीत जातात, म्हणजे हातात २१,००० पासून २८,००० पर्यंत. जेवण-राहणं लष्कराकडे, ४८ लाखांचा विमा. चार वर्षांनी सरकारच्या वाट्यासह सुमारे १० लाख मिळतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. २५ टक्क्यांपर्यंत जवान पुढे कायम होतात, बाकीचे घरी.

बेस वर्कशॉपात स्किल्ड कारागिराचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे १९,९००. आकडा लहान दिसतो, पण त्यावर निम्म्याहून जास्त महागाई भत्ता आहे आणि पुण्यासारख्या शहरात ३० टक्के घरभाडं. कपातीआधी ते ३५,००० च्या पुढे जातं. पुढची पायरी हायली स्किल्ड ग्रेड दोन २५,५००, मग ग्रेड एक २९,२००, मग मास्टर क्राफ्ट्समन ३५,४००. नोकरी साठाव्या वर्षापर्यंत. निवृत्तीसाठी एनपीएस ही बाजाराशी जोडलेली पेन्शन योजना किंवा १ एप्रिल २०२५पासून आलेली, ठरावीक पेन्शनची यूपीएस.

नुसत्या हिशेबात सिव्हिलियन जागा सरळ पुढे आहे. धोका आहे तो दुसरा. बेस वर्कशॉपांची मालकी सरकारकडे ठेवून कारभार कंत्राटदाराला देण्याचा प्रस्ताव, ज्याला गोको म्हणतात, गेल्या दशकात पुढे आला होता आणि कामगार संघटनांनी त्याला विरोध केला. खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतल्या माणसांनी तर १ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांचा कारखाना चालवणारं सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड जाऊन त्याच्या सात कंपन्या झालेल्या बघितल्या. सरकारी शिक्का म्हणजे जन्माची निश्चिंती, असं धरून चालू नका.

मग काय करावं?

वय बघा. अग्निवीराचं दार विशीच्या आरंभीच बंद होतं, सिव्हिलियन जागांना साधारण पंचविशीपर्यंत मुभा असते आणि राखीव गटांना आणखी. शिवाय जून २०२२मध्ये संरक्षण मंत्रालयाने आपल्या सिव्हिलियन जागांत अग्निवीरांसाठी १० टक्के आरक्षण जाहीर केलं. वर्दी आधी, वर्कशॉप नंतर, हा क्रम कागदावर तरी शक्य आहे. उलटा क्रम जवळजवळ अशक्य. तरीही जीव पंपात असेल आणि वर्दीची ओढ नसेल, तर केवळ आरक्षणासाठी चार वर्षं देऊ नका. वर्दी ही मनापासून घालायची गोष्ट आहे.

प्रमाणपत्रही आधीच तपासा. मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा ट्रेड आहे, मोटर व्हेइकल दोन वर्षांचा. अग्निवीर टेक्निकलला दहावीच्या जोरावर जायचं तर आयटीआय दोन वर्षांचा लागतो. एक वर्षवाल्यांना बारावी सायन्स हवी. हे न बघता मैदानाची तयारी करणारी मुलं पाहिली की वाईट वाटतं.

सिव्हिलियन भरती कधी निघेल याचा नेम नसतो. तोवर रिकामं बसू नका. बेस वर्कशॉपात अप्रेंटिस घेतात, ते करा. त्याने नोकरीची हमी मिळत नाही, पण बेंच हाताखाली येतं. नाहीतर गावातल्या एखाद्या चांगल्या डिझेल लॅबमध्ये, म्हणजे पंप-नोझल दुरुस्तीच्या दुकानात लागा आणि कॉमन रेल ही संगणकावर चालणारी नवी फ्युएल सिस्टिम शिकून घ्या. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आल्यावर बाहेरच्या नव्या डिझेल गाड्यांचं काम तेच आहे. चार वर्षांनी वर्दी उतरली किंवा वर्कशॉप कंत्राटदाराकडे गेलं, तर पोट त्यावर चालेल.

जाहिरात एम्प्लॉयमेंट न्यूजमध्ये येते. ईएमईच्या गट क जागांचा अर्ज अनेकदा अजूनही पोस्टाने, थेट त्या वर्कशॉपच्या पत्त्यावर जातो. लिफाफ्यावर पदाचं नाव जाहिरातीत आहे तसंच घाला.