ब्यूटाइल-मेथाइल-इमिडाझोलियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट: हेक अभिक्रियेसाठी उत्तम, सरसकट वापरासाठी नव्हे

हा आयनिक द्रव, म्हणजे केवळ आयनांचा बनलेला द्रव, आमच्या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मुख्यतः पॅलेडियम उत्प्रेरक असलेल्या अभिक्रियांसाठी द्रावक म्हणून वापरला जातो, आणि हे परीक्षण त्या वापरापुरतेच आहे. सेल्युलोज विरघळवण्यासाठी ज्यांना आयनिक द्रव हवा आहे त्यांनी ही बाटली मागवू नये. त्या कामाला याच कुळातले क्लोराइड किंवा ॲसिटेट लागते.

बाटली उघडल्यावर टोल्युइनसारखा वास नाकाशी येत नाही. हा पदार्थ म्हणजे नेहमीच्या तापमानाला द्रव राहणारा क्षारच असल्यामुळे त्याचा बाष्पदाब नगण्य असतो आणि अभिक्रिया रात्रभर तापवत ठेवली तरी द्रावक उडून जात नाही. मात्र तो काकवीसारखा घट्ट आहे. पिपेटमध्ये सावकाश चढतो, काचेला चिकटून मागे राहतो आणि मापात फसवतो, घनता १.३७ च्या आसपास असल्याने तो सरळ तराजूवर वजन करून घ्यावा. ढवळण्यासाठीही जोरकस चुंबकीय स्टरर लागतो, कारण थंड असताना छोटी पट्टी जागीच अडकते.

त्याचा खरा कस लागतो तो हेक अभिक्रियेत, म्हणजे पॅलेडियमच्या मदतीने बेंझीनचे कडे आणि दुहेरी बंध असलेला रेणू जोडणाऱ्या अभिक्रियेत. आयोडोबेंझीन, एथिल ॲक्रिलेट, ट्रायएथिलअमाइन आणि थोडे पॅलेडियम ॲसिटेट या द्रवात घेऊन तापवले की एथिल सिनामेट तयार होते. फ्लास्क थंड झाल्यावर त्यात हेक्झेन आणि पाणी घालून हलवावे व स्थिर होऊ द्यावे, म्हणजे तीन थर वेगवेगळे दिसू लागतात: वर हेक्झेनमध्ये आपले उत्पादन, मध्ये पाण्यात अमाइनचा क्षार, आणि तळाशी आयनिक द्रवात पॅलेडियम. वरचे दोन थर काढून घेतले आणि तळाचा थर नीट कोरडा केला की त्यातच पुढची अभिक्रिया लावता येते. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनी ही पद्धत १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून २००१ मध्ये आयनिक द्रव आणि अल्ट्रासाउंड यांच्या जोडीने हीच अभिक्रिया खोलीच्या तापमानाला घडवल्याचे काम प्रसिद्ध झाले. पॅलेडियमसारखा महाग धातू डीएमएफ या नेहमीच्या द्रावकाबरोबर वाया जाताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या तळाच्या थराचे मोल वेगळे सांगायला नको.

येथे द्रावक निव्वळ प्रेक्षक राहत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. इमिडाझोलियम कड्यातील दोन नायट्रोजनांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन आम्लधर्मी असतो. आम्लारीच्या सान्निध्यात तो निघून कार्बीन (दोनच बंध असलेला क्रियाशील कार्बन) तयार होते आणि ते पॅलेडियमला धरून बसते. हेक अभिक्रियेत याचा फायदा होऊ शकतो, पण अल्डिहाइड आणि ॲक्रिलेट जोडणाऱ्या बेलिस-हिलमन अभिक्रियेत हाच कार्बन अल्डिहाइडशी जोडला जातो आणि उतारा (मिळणारे उत्पादन) घटतो. तीव्र आम्लारी वापरायची असेल तर हा द्रावक निवडू नये.

शुद्धतेबाबत माझी तक्रार आहे. एका पुरवठादाराकडून आलेल्या बाटलीच्या प्रमाणपत्रावर शुद्धतेची टक्केवारी ठळक अक्षरांत होती, पण क्लोराइड किती आणि पाणी किती याचा उल्लेखच नव्हता. हा द्रव बहुधा क्लोराइडपासूनच बनवला जातो. ते क्लोराइड मागे राहिले तर घट्टपणा वाढतो आणि उत्प्रेरकावरही परिणाम होतो. सुदैवाने हा द्रव पाण्यात मिसळत नाही. त्यामुळे तो थंड पाण्याने धुऊन धोवणात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकावेत, आणि क्लोराइडमुळे येणारा पांढरा गढूळपणा थांबेपर्यंत धूत राहावे. त्यानंतर तो निर्वाताखाली कोरडा करणे अनिवार्य आहे.

अनिवार्य म्हणण्याचे कारण गंभीर आहे. ओलावा आणि उष्णता एकत्र आली, विशेषतः आम्ल असताना, की हेक्साफ्लुओरोफॉस्फेटचे जलविघटन होऊन हायड्रोजन फ्लुओराइड बाहेर पडते. ते काच खाते आणि त्वचेतून आत शिरून हाडापर्यंत इजा करते. ही बाब २००३ मध्येच शोधनिबंधातून स्पष्टपणे मांडली गेली असताना आजही काही विक्रेते या बाटलीवर ‘हरित द्रावक’ असे छापतात, हे मला बेजबाबदारपणाचे वाटते. वाफ होत नाही एवढ्यावरून कोणताही पदार्थ हरित ठरत नाही. तो बनवताना आणि शुद्ध करताना किती एथिल ॲसिटेट खर्ची पडते, आणि वापरून झाल्यावर तो जातो कुठे, हेही हिशेबात धरले पाहिजे.

अभिक्रियेत पाणी तयार होणार असेल किंवा १०० अंशांच्या वर बराच वेळ तापवायचे असेल, तर हेक्साफ्लुओरोफॉस्फेटऐवजी बिस-ट्रायफ्लिमाइड हा ऋणायन (ऋणभारित आयन) असलेला द्रव घ्यावा. तो महाग पडतो, पण पाण्याने विघटित होत नाही आणि पुष्कळच पातळ असल्याने हाताळायला सोपा जातो. हेकसाठी ही बाटली मी पुन्हा मागवीन, मात्र लहान आकाराची, आणि ऑर्डर देण्यापूर्वी त्या विशिष्ट बॅचमधील क्लोराइड व पाण्याचे आकडे पुरवठादाराकडून लेखी घेऊन.