काल्पनिक देशाचा फुटबॉल संघ रचताय? नमुना आइसलंडचा घ्यावा की कुरसाओचा

किशोर कादंबरी असो, दिवाळी अंकातली दीर्घकथा असो, नाहीतर मित्रांनी मिळून कागदावर वसवलेला देश असो. त्याला फुटबॉल संघ द्यायचा म्हटलं की आपण झेंडा आणि जर्सीचा रंग आधी ठरवून टाकतो. खरा प्रश्न राहूनच जातो: एवढ्याशा देशात अकरा पक्के खेळाडू आले कुठून? याचं पटेल असं उत्तर तयार नसेल, तर संघाच्या विजयावर कुणाचा विश्वास बसत नाही. खऱ्या जगात या प्रश्नाची दोन चोख उत्तरं आहेत, आणि त्यांतलं एकच निवडावं असं माझं मत आहे.

पहिलं आइसलंडचं. वस्ती चार लाखांहूनही कमी, आणि वर्षातले कित्येक महिने उघड्या मैदानावर सराव करणं कठीण. त्यांनी 2000 सालापासून पूर्ण आकाराची बंदिस्त मैदानं बांधायला घेतली आणि लहान मुलांना शिकवायलाही परवानाधारक, पगारी प्रशिक्षक नेमले. त्या मैदानांत वाढलेली पिढी 2016च्या युरो स्पर्धेत उतरली. 27 जूनला फ्रान्समधल्या नीसमध्ये इंग्लंडच्या रूनीने चौथ्याच मिनिटाला पेनल्टीवर गोल केला. दोन मिनिटांत कर्णधार आरोन गुन्नार्सनने टचलाइनवरून चेंडू हाताने थेट गोलसमोर भिरकावला, कारी आर्नासनने डोक्याने पुढे सरकवला आणि रॅग्नार सिगुर्डसनने तो जाळ्यात मारला. लांब थ्रो, डोकं, पाय. गावच्या संघालाही घोटवता येईल असा हा डाव आहे, म्हणूनच कथेत तो शोभतो. सामना 2-1 असा आइसलंडने जिंकला.

माणसंही तशीच मिळतात. त्या युरोतल्या संघाच्या दोन प्रशिक्षकांपैकी एक, हैमिर हाल्ग्रिमसन, पेशाने दंतवैद्य. 2018च्या विश्वचषकात मेस्सीची पेनल्टी अडवणारा गोलरक्षक हान्नेस हाल्डोर्सन चित्रपट दिग्दर्शक. असा संघ लिहायचा तर दुकान, शाळा, बंदर, क्लब सगळं आधी उभं करावं लागतं आणि कथेचा काळ निदान 15 वर्षांचा धरावा लागतो. घाईच्या लेखकाला हे झेपणार नाही.

कुरसाओचं उत्तर नेमकं उलट. कॅरिबियन समुद्रातलं हे 444 चौरस किलोमीटरचं बेट, लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास, नेदरलँड्सच्या राजघराण्याच्या छत्राखालचा स्वायत्त देश. बेटावर बेसबॉलचं वेड मोठं. फुटबॉल संघ मात्र जवळजवळ सगळा नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या मुलांचा. आईवडील किंवा आजीआजोबा बेटावरचे, म्हणून त्यांना या जर्सीचा हक्क. संघातले बाकुना बंधू नेदरलँड्समधल्या ख्रोनिंगनचे. ताहिथ चाँगसारखा बेटाच्या राजधानीत, विलेमस्टाडमध्येच जन्मलेला खेळाडू विरळा. 18 नोव्हेंबर 2025ला किंग्स्टनमध्ये विश्वचषकाला पात्र ठरायला जमैकाशी बरोबरी पुरेशी होती. भरपाईच्या वेळेत जमैकाला पेनल्टी दिली गेली आणि व्हिडिओ पाहून पंचांनी ती फिरवली. 0-0. विश्वचषकाला पात्र ठरलेला लोकसंख्येने सर्वांत छोटा देश म्हणून आजवर आइसलंडचं नाव घेतलं जायचं, ते त्या रात्री मागे पडलं. प्रशिक्षक डिक आडव्होकाट घरच्या कारणामुळे तिथे नव्हतेच. हीदेखील कादंबरीला पुरेल अशी गोष्ट आहे.

निवड कशी करायची? संघातली भांडणं कशावरून व्हायला हवीत ते स्वतःला विचारा. आइसलंडी नमुन्यात सगळे एकमेकांना लहानपणापासून ओळखतात, त्यामुळे भांडण जुनं, घरगुती, दोन गल्ल्यांमधलं असतं. कुरसाओच्या नमुन्यात प्रश्न हक्काचा असतो. बेटावर राहून तिथली पापियामेंतू भाषा बोलणारा मुलगा बाकावर बसतो आणि कधीतरी सुट्टीत आलेला मैदानात उतरतो, तेव्हा देश कुणाचा? मुलांसाठी लिहिणाऱ्याने बेलाशक आइसलंड घ्यावा. मोठ्यांसाठी लिहिणाऱ्याला मी कुरसाओच सुचवेन, कारण तिथे प्रत्येक खेळाडूच्या मागे स्थलांतराचा इतिहास आपोआप येतो. दोन्हींचं मिश्रण करण्याचा मोह टाळा; त्यात ना गाव उभं राहतं ना परदेश.

कुरसाओच्या वाटेने गेलात तर नागरिकत्वाचा कायदा आधी लिहून ठेवा. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलेला गोवेकर भारतासाठी खेळू शकत नाही. तुमच्या देशात हाच नियम असेल तर बाहेरून येणाऱ्याला मोठी किंमत मोजावी लागेल आणि कथा तिथेच घट्ट होईल. देश पूर्ण स्वतंत्र असायलाच हवा असं मात्र नाही. कुरसाओ नाही, डेन्मार्कच्या राज्यातली फॅरो बेटंही नाहीत, आणि दोघंही फिफाचे सदस्य आहेत.

फॅरोचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट त्यांच्याकडून जरूर घ्या. 12 सप्टेंबर 1990ला त्यांनी आपला पहिलाच स्पर्धात्मक सामना खेळला आणि ऑस्ट्रियाला 1-0 असं हरवलं. गोलरक्षक येन्स मार्टिन क्नुडसन गोंड्याची लोकरी टोपी घालून उभा होता. बेटांवर गवताचं मैदान नव्हतं, म्हणून 'घरचा' सामना स्वीडनमधल्या लँडस्क्रोना गावी झाला. नीस, किंग्स्टन, लँडस्क्रोना: तिन्ही संघांची मोठी रात्र परमुलखात उजाडली. तुमच्या संघाचा पहिला विजयही बाहेरच ठेवा, आणि त्या वेळी गावात मागे राहिलेल्यांसाठी एक प्रकरण स्वतंत्र लिहा.