आठ महिन्यांनंतर: सव्वीस भाग, दोन डिस्क आणि पट्टेरी आकाश

दसऱ्याला मागवलेला ॲनिमेचा ब्लू-रे सेट. आता जून लागला. सगळी मालिका दोनदा, आणि रेल्वे पुलावरचा रात्रीचा प्रसंग वीसेकदा बघून झालाय, त्यामुळे लिहायला हरकत नाही.

आधी एक इशारा. सेट अमेरिकन, म्हणजे रीजन ए (ब्लू-रे सहसा जगाच्या ज्या विभागासाठी काढलेली, त्याच विभागाच्या प्लेयरवर चालते). भारत रीजन सी मध्ये येतो. माझा प्लेयर पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या ओळखीच्या काकांनी दिलेला, सगळे रीजन चालणारा, म्हणून भागलं. खोकं देखणं, पुस्तिका छान, मेनू कंटाळवाणा.

आता त्या पुलाकडे. वर काळं, खाली क्षितिजाशी गडद निळं होत जाणारं आकाश. आई भाजी निवडत होती, तिने मान वर केली आणि म्हणाली, "मे महिन्यात खडकवासल्याच्या काठाला पाणी उतरल्याच्या रेघा दिसतात ना, तसं काय झालंय गं या आकाशाला?" याला बँडिंग म्हणतात, पण आईचं वर्णन जास्त अचूक आहे.

पहिला संशय टीव्हीवर. शार्पनेस खाली आणला, नॉइज रिडक्शन आणि मोशन स्मूदिंग बंद केलं. (स्मूदिंग तसंही बंदच ठेवा. ॲनिमेत एकच चित्र बऱ्याचदा दोन-तीन फ्रेम तसंच ठेवतात; टीव्ही मनानेच मधली चित्रं घालायला लागला की हलत्या हाताच्या कडा वितळतात.) रेघा होत्या तिथेच.

मग डिस्क भावाच्या कॉम्प्युटरमध्ये घातली. 25 जीबीची, आणि तिच्यावर 13 भाग! भागाला 24 मिनिटं धरली तर 312 मिनिटं, म्हणजे सेकंदाला साधारण साडेदहा मेगाबिट, आणि दोन भाषांचा आवाज त्यातच. ब्लू-रेवर नुसत्या चित्राला 40 पर्यंत मुभा असते.

ब्लू-रेचं चित्र 8 बिटचं, म्हणजे रंगांच्या छटा मर्यादित. असल्या अंधाऱ्या आकाशाच्या वाट्याला मोजक्या छटा येतात आणि त्या अर्ध्या पडद्यावर पसरायच्या असतात. म्हणून अंतिम प्रत (मास्टर) बनवताना बारीक रवाळ नॉइज मुद्दाम मिसळतात. त्यात छटांमधल्या पायऱ्या लपतात. पण हा रवा डेटा खातो. जागा कमी पडली की चित्र दाबून डिस्कवर बसवणारा एन्कोडर आधी त्यालाच झाडून काढतो आणि पायऱ्या उघड्या पडतात. चित्रकाराने आकाश नीटच रंगवलं असणार. घोळ डिस्क भरताना झाला.

शेजारीच माझा दुसरा सेट आहे: नव्वदच्या दशकातली, 16 मिमी फिल्मवर चित्रित केलेली मालिका, नव्याने स्कॅन केलेली, डिस्कला सहाच भाग. तिथे ग्रेन, म्हणजे फिल्मचा स्वतःचा रवा, शाबूत आहे. एका फ्रेममध्ये सेलवर (चित्र रंगवायच्या पारदर्शक प्लास्टिकवर) बसलेला धुळीचा कण आणि त्याची इवलीशी सावलीसुद्धा दिसते. तो पुसला नाही याबद्दल मी मनातल्या मनात हात जोडले.

जपानी आवृत्तीत डिस्कला बहुधा दोन-तीनच भाग असतात, पण किंमत ऐकून घाम फुटतो आणि इंग्रजी सबटायटल्स सहसा नसतात. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानीची तीन वर्षं काढूनही मला त्या लागतातच.

पाचपैकी अडीच तारे, त्यातला अर्धा पुस्तिकेला. परत पाठवायचं टपाल परवडत नाही, म्हणून सेट कपाटात आहे. पुलाचा भाग हल्ली दुपारी बघते, खिडकीचे पडदे सताड उघडे टाकून. तेवढ्या उजेडात रेघा दिसत नाहीत.